जावयाने बदललेले प्लग

माझ्या बहिणीचा नवरा चांगला माणूस आहे, असं अख्खं पनवेल मला सांगत असतं. मला माहीत आहे हो. त्याचाच तर त्रास आहे. वाईट असता तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

प्रणित त्याचं नाव. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण बहिणीचा नवरा म्हणून मी त्याला दाजी म्हणायचं, आणि घरी जेवायला बसलो की सुरमईचा मधला तुकडा त्याच्या ताटात पडताना बघायचं. हायवेला त्याचं वर्कशॉप आहे. फरशी अशी की चप्पल बाहेर काढावीशी वाटते. गाडीतला बिघाड शोधायला लॅपटॉप. माझं दुकान सुकापूरच्या रस्त्याला, एका शटरचं. मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. टेस्ट लॅम्प, मीटर आणि माझे दोन हात, एवढ्यावर माझं चालतं.

धंद्यावरून मी कधी जळलो नाही. खोटं कशाला बोलू, थोडा जळलो. पण खरी आग लागली ती बाबांच्या गाडीवरून.

माझे बाबा काशिराम. उमेदीत उरणच्या खाडीला त्यांची होडी होती. ती विकल्यावर त्यांनी सात सीटची डिझेल गाडी घेतली, आणि आजही ते गाडीला होडीसारखंच वागवतात. चप्पल घालून आत बसायचं नाही. सणावाराला, लांबच्या प्रवासाआधी, कुठून दुरुस्त होऊन आली तरी, बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू लावायचं आणि इंजिनावरच नारळ फोडायचा. होडीवर हे काम आईचं होतं. नारळ फोडून पाणी ती हाताने सगळीकडे शिंपडायची, आणि बाबा परत येईपर्यंत काही खायची नाही. ती गेल्यापासून नारळ बाबा फोडतात. फोडताना पुटपुटतात ते देवीचं नाव असतं की आईचं, हे विचारायची आमची कुणाची हिंमत नाही.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे जुना पार्ट हातात पाहिजे. होडी होती तेव्हा एका मिस्त्रीने काही न बदलताच बदललं म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून, काय काढलंस ते दाखव, हातात दे, मगच बाबांना काम झालं असं वाटतं.

या गाडीत माझं म्हणावं असं एकच काम होतं. पुढचे फॉग लॅम्प. एकवीरेला जाताना घाटात धुकं लागतं म्हणून मी ते स्वतः बसवले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला बाबा गाडीपुढे उभं करायचे आणि म्हणायचे, "शैलेशनं लावले." तेवढं ऐकलं की माझा दिवस चांगला जायचा.

डिसेंबरात बाबा, माझी बहीण विनिता आणि दाजी एकवीरेच्या दर्शनाला कार्ल्याला गेले. विनिताच्या मुलाचं जाऊळ देवीपाशी काढायचं होतं, त्याचं बोलायला. मी नव्हतो. माझ्या दुकानात एका टेम्पोचं वायरिंग उघडं पडलं होतं. त्यांनी खाली मुक्काम केला आणि सकाळी गाडी सुरूच होईना. स्टार्टर फिरतोय, मागून पांढरा धूर येतोय, इंजिन काही उचलत नाही. शेवटी चार अनोळखी भाविकांनी धक्का मारला. माझ्या बाबांच्या गाडीला लोकांनी धक्का मारला, आणि आत स्टिअरिंगवर दाजी. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

बिघाड कसला ते मला फोनवरच कळलं होतं. डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. थंडीत सिलिंडर आधी तापवावा लागतो, आणि त्यासाठी प्रत्येकाला बोटाएवढा एक ग्लो प्लग असतो. पनवेलच्या हवेत त्याची कुणाला आठवण होत नाही. इथे प्लग बंद पडले तरी गाडी जराशी कुरकुरते आणि सुरू होते. घाट चढून वर रात्र काढली की मग कळतं. मी म्हटलं, बाबा, गाडी दुकानात लावा, मी बघतो.

बाबा म्हणाले, "नको. जावई बोलला तो करतो. त्याच्याकडे ते लॅपटॉप हाय."

लॅपटॉप हाय. बरं.

गाडी दाजीकडे गेली आणि दुरुस्त होऊन आली. कागदात गुंडाळलेले चार जुने प्लग दाजीने बाबांच्या हातात ठेवले. बाबांनी बॉनेट उघडून झोकात नारळ फोडला. मी तिथेच उभा होतो, पण माझं लक्ष त्या चार प्लगांवर. पुढचे कित्येक दिवस बाबा ते घेऊन अख्ख्या कोळीवाड्यात फिरले. चहाच्या टपरीवर, मासळीबाजारात, बाबांचे जुने दोस्त दादूकाका यांच्या ओट्यावर. कागद सोडायचा आणि दाखवायचं, "जावयानं चारी बदलले." माझ्या फॉग लॅम्पचं नाव कुणी काढेना. एकदा तर माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून त्यांनी मला ते प्लग दाखवले. मी बघितले. चांगलं केलं, म्हणालो. घरी जेवण गेलं नाही.

"पोटात दुखतंय ना," माझी बायको मनिषा म्हणाली. "ओवा देऊ?"

"मला काय होतंय?"

"काही नाही हो. बहिणीचा नवरा कामाचा निघाला की काही लोकांना होतं असं."

बायकोला सगळं कळतं, हीसुद्धा एक कटकटच आहे.

जानेवारीत दादूकाकांच्या नातीचं लग्न लोणावळ्याला होतं. बाबा स्वतः गाडी चालवत गेले, रात्री तिथेच राहिले. सकाळी मी दुकानाचं शटर वर करतोय तोच फोन वाजला.

"शैलेश, गाडी परत तशीच. सगला वऱ्हाड बगत उभा हाय." बाबांचा आवाज चढला होता. "जावयानं मना फसवला. मी त्याला फोनवर चांगला सोलला. तू ये."

तू ये. किती दिवसांनी ऐकलं. शटर परत खाली ओढलं आणि बाईकला किक मारली. घाटात बोटं गारठली होती तरी मी गाणं म्हणत होतो. वऱ्हाडातल्या दोघांना धरून धक्का मारून गाडी सुरू केली, बाईक लग्नाच्या घरी ठेवून मी स्टिअरिंगवर बसलो. बाबा माझ्या बाजूला बसले. घाट उतरून खोपोली आली. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पोराचा जाऊळ. देवीकडे गाडी तू चालव. चावी तुझ्याकडेच राहू दे." मी रस्त्याकडे बघत राहिलो. बाबांच्या बाजूला बसून, बाबांची गाडी चालवत, सगळ्या नातेवाइकांच्या पुढे कार्ल्याला जायचं. मला आणखी काय हवं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना मी बॉनेट उघडलं. पण आधी डॅशबोर्डच्या कप्प्यातून दाजीने काढलेले ते जुने प्लग बाहेर घेतले. मीटर लावला. पहिल्याचं रीडिंग बरोबर. दुसऱ्याचंही. मला शंका आली. पकडीत धरून बॅटरीवरून सरळ करंट दिला, आणि थोड्याच वेळात टोक लालबुंद झालं. चारही प्लग एकामागून एक लाल झाले. एकही खराब नव्हता.

मी स्टुलावर बसून हसलो. दाजींनी चांगले प्लग काढून नवे बसवले होते. लॅपटॉपने सांगितलं असणार, ग्लो प्लगच्या सर्किटमध्ये दोष. सर्किट म्हणजे वायर, फ्यूज, रिले, सगळं आलं. हा गडी फक्त प्लग बदलून मोकळा. त्यावर बाबांनी गावभर मिरवणूक काढली. आता मी मिरवणूक काढणार होतो. बाबांच्या अंगणात, सगळ्यांसमोर, बॅटरी ठेवून चारही प्लग लाल करून दाखवणार. बघा बाबा, जावयाने काय बदललं ते. वाक्यसुद्धा पाठ केलं. मनिषा चहा घेऊन आली तेव्हा तिलाही म्हणून दाखवलं.

"झालं का पोट बरं?" ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

मग खरं काम सुरू केलं. चावी ऑन केली, प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर टेस्ट लॅम्प टेकवला. अंधार. करंटच येत नव्हता. मोठा फ्यूज पाहिला, शाबूत. बॅटरीकडून रिलेपर्यंत करंट येत होता, पुढे जात नव्हता. रिले म्हणजे प्लगांना करंट सोडणारी डबी. चावी फिरवली की ती टक करते. ही गप्प. रिलेला वळसा घालून जाड वायरने सरळ करंट दिला तर प्लग नीट तापले. म्हणजे नवे प्लग ठीक, रिलेपर्यंतची मोठी वायर ठीक, आणि डबीला चालू हो म्हणून सांगणारी बारीक वायर कुठेतरी मेलेली. ती शोधायची म्हणून रिले उपसला आणि त्याच्या सॉकेटवर टॉर्च मारून आत डोकावलो.

आत हिरवं बुरशीसारखं काही साचलं होतं. तांब्याला पाणी लागलं की येतं तसं. त्यात पिवळी हळद. आणि नारळाच्या शेंडीचा एक धागा, केसाएवढा.

तरी मला लगेच कळलं नाही. आधी वाटलं, वा, आणखी एक चूक सापडली, दाजींनी सॉकेट उघडलंच नाही. मग खरवडायला लागलो, तर हिरव्याच्या खाली ग्रीस लागलं. ताजं, स्वच्छ ग्रीस. आतली बारीक पिन नवी होती. वायरवर काळी नळी नीट आवळून बसवलेली. असं काम लॅपटॉप करत नाही. माणूस वाकून, डोळे बारीक करून करतो.

मी सॉकेट हातात धरून तसाच उभा राहिलो.

दाजींना सापडलं होतं. डिसेंबरातच. दसऱ्याला बाबांनी इंजिनावर नारळ फोडला, पाणी रिलेच्या सॉकेटमध्ये उतरलं, पिन खाल्ली गेली. दाजींनी नवी पिन बसवली, ग्रीस भरलं आणि बाबांना काही सांगितलं नाही. पण बाबांना जुना पार्ट हातात हवा. हिरवी पडलेली पिन दिली असती तर बाबांनी विचारलं असतं, हे कशानं झालं. म्हणून दाजींनी चांगले असलेले चार प्लग काढले, नवे घातले आणि जुने बाबांच्या हातात ठेवले. गाडी घरी आली. बाबांनी आनंदाने परत नारळ फोडला, तिथेच. ग्रीसने जेवढं अडवायचं तेवढं अडवलं.

आणि लोणावळ्याहून बाबांनी फोनवर सोललं तेव्हा? विनिताने मला सांगितलं होतं, "हे नुसते उभे होते रे, चुकलं बाबा, चुकलं बाबा म्हणत." मी तेव्हा मनात म्हटलं होतं, चुकलंच आहे.

अशा वेळी माणसाचे डोळे भरून येतात म्हणे. माझं तसलं काही झालं नाही. मला प्रणितचा असा राग आला की हातातला पाना मी दुकानाच्या कोपऱ्यात भिरकावला. वर्कशॉप मोठं, ते ठीक. सुरमईचा तुकडा, तोही घे. पण मुलगा मी आहे. आईला होडीवर नारळ फोडताना मी पाहिलंय, त्याने नाही. बाबांना काय लागेल, कुठे लागेल, ते मला कळायला हवं होतं. इथेही हा माझ्या आधी पोचून बसला होता.

मी त्याला फोन लावला. "दाजी, सॉकेट उघडलं."

तिकडे वर्कशॉपचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "दादा, बाबांना सांगू नका."

"मग खापर तुमच्यावर फुटतंय."

"फुटू दे की. माझ्यावर चार दिवस रागावतील. हे कळलं तर नारळ कायमचा बंद करतील."

मी फोन ठेवला.  त्याला हो म्हणायचं नव्हतं. त्याच्या सांगण्यावरून मी गप्प बसलो तर तेही त्याच्याच खात्यावर जमा होणार होतं.

सॉकेट साफ केलं, नवी पिन घातली, ग्रीस भरलं, वरून सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलं. सकाळी टेस्ट लॅम्प लख्ख पेटला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. काम झालं, पण पार्ट कोणता द्यायचा ते ठरेना. एका खिशात ते चार प्लग ठेवले. दुसऱ्या खिशात फॉग लॅम्पच्या वायरचा एक तुकडा, कापून काढलेला. दोन्ही खिसे भरून बाबांकडे गेलो.

रविवार होता. अंगणात बाबा, दादूकाका, शेजारचे दोघेतिघे. विनिता पोराला कडेवर घेऊन उभी. मनिषा तिच्या बाजूला. दाजी फाटकापाशी, घरात यावं की नाही अशा बेताने. बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. त्यांच्या हातात नारळ तयार होता.

मी गाडी सुरू करून दाखवली. दादूकाका वा म्हणाले. बाबांनी हात पुढे केला. "बोल. काय होता? जुना पार्ट दे."

प्लगच्या खिशात माझा हात आधीच गेला होता. बोटांना लोखंड लागत होतं. बॅटरी गाडीत होती, पकड होती, वाक्य पाठ होतं. दाजीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. तो विनवतसुद्धा नव्हता. त्याने विनवलं असतं तर मी नक्की बोललो असतो, आईशप्पथ. मग बाबांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि अंगठ्याने त्याची शेंडी सारखी केली. आई करायची तसं.

मी दुसऱ्या खिशात हात घातला.

"ही वायर," मी म्हणालो. "फॉग लॅम्पचा जोड मी रिलेच्या वायरवर घेतला होता. तो सुटत होता. त्यामुळे प्लगांना करंट जात नव्हता. दाजींच्या कामात काही खोट नव्हती."

बाबांनी तुकडा उलटासुलटा करून पाहिला. "म्हंजे तुझाच काम?"

"माझंच."

"आनि मी त्याला शिव्या घातल्या."

बाबांनी माझ्या हातातून गाडीची चावी घेतली. बाबा फाटकाकडे गेले. चावी त्यांनी दाजीच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ आपल्या हाताने मिटली. "मनावर घेऊ नको. देवीकडे तूच ने आमाला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शैलेश, ते दिवे काढून टाक."

फॉग लॅम्प. माझे.

"काढतो," मी म्हणालो.

दाजी माझ्याकडे बघत होता. तोंड उघडून काहीतरी सांगणार होता. मी मान हलवली, नको म्हणून. त्याच्या उपकाराखाली राहायची मला हौस नव्हती, आणि माझ्या उपकाराखाली त्याला ठेवायचं सुख मला पुरेपूर हवं होतं. तेवढं तरी माझं.

बाबांनी बॉनेट उघडायला सांगितलं. हळद लावली, कुंकू लावलं, डोळे मिटून पुटपुटले, आणि नारळ इंजिनावरच्या लोखंडी कडीवर आपटायला हात वर नेला. मला ते रबर आठवलं. सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा, बाबांच्या नारळापुढे त्याचा काय भरवसा. मी पुढे झेपावलो आणि रिलेवर हात ठेवला. त्याच क्षणी पलीकडून आणखी एक हात आला आणि माझ्या हातावर बसला. नारळ फुटला. पाणी घळाघळा सांडलं.

बाबांनी डोळे उघडले. इंजिनात दोघे डोकं घालून उभे. "काय रे, दोगांना एकदम काय झाला?"

"पाया पडत होतो," दाजी म्हणाला.

बाबांनी त्याच्या ओल्या हाताकडे पाहिलं. त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी दादूकाकांना हाक मारली, शेजाऱ्यांना बोलावलं. "बगा, बगा. देवीचा पाणी जावयाच्या हातावर परला. तोच नेनार आमाला."

मागे मनिषा हसली, ते मी ओळखलं.

दाजीच्या हातावरून पाणी बाजूला निथळत होतं. त्याच्याखाली माझा हात कोरडा होता, आणि माझ्या हाताखाली रिलेही कोरडा. बाबा लोकांना दाखवत होते तोवर मी तो तसाच धरून ठेवला.